आयसीडीचा धोका नेमका कुठे असतो: डबीत, तारेत की खिशात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी मोठा हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, औषधं नियमित चालू आहेत, तरी इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) २८ टक्क्यांच्या वर सरकत नाही. डॉक्टरांनी आयसीडी बसवायला सांगितलं आहे, म्हणजे कातडीखाली एक डबी आणि तिच्यापासून हृदयात जाणारी तार असलेलं, लय जीवघेणी बिघडली की आतून विजेचा शॉक देणारं यंत्र. वडील कधी बेशुद्ध पडलेले नाहीत, चालतात-फिरतात, त्यामुळे घरचे गोंधळले आहेत. ऑपरेशनमध्ये काय होऊ शकतं, नंतर काय बिघडू शकतं आणि शॉक चुकूनही बसतो म्हणतात ते खरं का, असं विचारलं आहे.

चुकून बसतो, हे खरं आहे. तो कसा टाळायचा हेही आता बरंच कळलं आहे, ते पुढे येईल. घरचे सगळे घाबरतात ते ऑपरेशनच्या दिवसाला, आणि तो दिवस बहुतेकांचा सुरळीत जातो. आयसीडीचं ओझं जाणवतं ते नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. त्यातही डबी क्वचित दगा देते. बिघडते ती तार, आणि चिघळतो तो खिसा, म्हणजे कातडीखाली डबी ठेवायला केलेली जागा. म्हणून धोका मोजताना आधी दोन गोष्टी विचारा: शरीरात तारा किती राहणार, आणि खिसा आयुष्यात किती वेळा उघडावा लागणार.

पहिला आयसीडी माणसाच्या शरीरात १९८० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवला गेला. त्यामागे मिशेल मिरोव्स्की यांची अनेक वर्षांची खटपट होती. तेव्हा छाती उघडावी लागे. आज बहुधा डाव्या कॉलरबोनखाली पाच-सहा सेंटिमीटरचा छेद घेतात, जागेपुरती भूल आणि गुंगीचं औषध देतात, आणि तास-दीड तासात काम होतं. टायटॅनियमची ६० ते ८० ग्रॅमची डबी, तिच्यात बॅटरी, कपॅसिटर आणि चिमुकला संगणक. शिरेतून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात उतरवलेली तार, जिला आम्ही लीड म्हणतो. तिच्या टोकाला स्नायूत फिरवून रुतवायचा बारीक स्क्रू, आणि त्यामागे शॉक देणारी कॉइल. बॅटरी तीन व्होल्टच्या आसपासची असते, पण शॉकच्या वेळी कपॅसिटर आठ-दहा सेकंदांत ७०० ते ८०० व्होल्टपर्यंत भरतो आणि ३५ ते ४० जूल ऊर्जा एका फटक्यात सोडतो. हे आठ-दहा सेकंद लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

फायदा किती, हे कळल्याशिवाय धोक्याला अर्थ नाही. वडिलांसारख्या रुग्णांवरचा सर्वात महत्त्वाचा अभ्यास म्हणजे २००२ सालचा मॅडिट-२: जुना हार्ट अटॅक आणि इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के किंवा कमी. सरासरी २० महिन्यांत नेहमीच्या उपचारांच्या गटात १९.८ टक्के रुग्ण दगावले, आयसीडीच्या गटात १४.२ टक्के. म्हणजे शंभरात पाच-सहा जीव वाचले. यंत्राचं ओझं मात्र शंभरही जणांनी वाहिलं. फायदा वर्षागणिक वाढत जातो, म्हणून पुढे बरीच वर्षं जगण्याची शक्यता असलेल्या माणसाला तो जास्त मिळतो. मूत्रपिंड निकामी, फुप्फुसं खराब, त्यात वय खूप जास्त, अशा माणसाचा मृत्यू हृदयाची लय बिघडूनच होईल असं नसतं, आणि तिथे आयसीडीचा हिशोब जमत नाही. हार्ट अटॅक नसताना हृदय अशक्त झालेल्यांचं गणितही वेगळं आहे. २०१६ च्या डॅनिश अभ्यासात अशा रुग्णांमध्ये अचानक मृत्यू कमी झाले, पण एकूण मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही.

घरच्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही: आयसीडीने हृदयाचं पंपिंग सुधारत नाही. दम लागणं, पायाला सूज, थकवा यांपैकी काहीही कमी होणार नाही. हा घरातला अग्निशामक सिलिंडर आहे, भिंतींची दुरुस्ती नव्हे. भिंतींची दुरुस्ती औषधांनी होते. म्हणून बसवण्यापूर्वी एवढं पाहून घ्या की हार्ट फेल्युअरची चारही गटांतली औषधं (बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन किंवा त्याच्या जोडीचं औषध, स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीचं औषध आणि डापाग्लिफ्लोझिनच्या जातीचं औषध) सोसतील तेवढ्या मात्रेत निदान तीन महिने चालू होती का, आणि त्यानंतर इको पुन्हा केला का. हार्ट अटॅकनंतरचे पहिले ४० दिवस आणि अँजिओप्लास्टीनंतरचे ९० दिवस साधारणपणे थांबतात. वडिलांची दोन वर्षं झाली आहेत, तेव्हा तो मुद्दा नाही. औषधांचा मुद्दा मात्र अनेकदा शिल्लक असतो.

आता ऑपरेशनचा दिवस. शिरेत सुई घालताना ती फुप्फुसाच्या आवरणाला लागली तर तिथे हवा शिरते. हे साधारण शंभरात एकाला होतं. बारीक आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसांत जास्त. हवा थोडी असेल तर आपोआप शोषली जाते, जास्त असेल तर दोन-तीन दिवस नळी घालावी लागते. कॉलरबोनच्या आतल्या बाजूला आंधळेपणाने सुई घालण्याऐवजी सेफॅलिक शीर उघडून तिच्यातून तार सरकवली, किंवा सोनोग्राफीत बघून काखेजवळच्या शिरेत सुई घातली, तर हा धोका बराच कमी होतो. तारेचं आयुष्यही त्याने वाढतं. कसं, ते तारेच्या भागात येईल.

तारेचा स्क्रू हृदयाच्या भिंतीतून आरपार गेला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त जमू शकतं. याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, पण झालं तर तातडीचं. बहुतेक वेळा ते टेबलावरच, रक्तदाब घसरल्याने लक्षात येतं. कधी कधी मात्र आठ-दहा दिवसांनी उघडकीला येतं: श्वास घेताना छातीत टोचणं, सतत उचकी, पोटाच्या वरच्या भागात ठोक्याच्या तालावर फडफड. शेवटची खूण विसरू नका, ती बहुतेकदा तारेचं टोक छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या स्नायूला विजेने डिवचत असल्याची असते. लगेच इको आणि यंत्राची तपासणी करून घ्यावी. ऑपरेशनमुळे थेट मृत्यू होणं फार दुर्मिळ आहे.

खिशात रक्त साचणं जास्त वेळा होतं, आणि मला या दिवसाच्या सगळ्या गुंतागुंतींत त्याचीच काळजी जास्त वाटते, कारण त्यातून पुढे जंतुसंसर्ग येतो. मोठं रक्त साचलेल्या रुग्णांत पुढच्या वर्षभरात गंभीर संसर्गाचा धोका सातपटीहून अधिक आढळला आहे. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांचं वॉर्फरिन थांबवून मध्ये हेपॅरिनची इंजेक्शनं देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. २०१३ च्या ब्रुझ कंट्रोल अभ्यासाने ती मोडीत काढली: हेपॅरिनच्या गटात १६ टक्क्यांना रक्त साचलं, वॉर्फरिन चालूच ठेवलेल्यांत ३.५ टक्क्यांना. वडील ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर घेत असतील, तर अँजिओप्लास्टीला दोन वर्षं झाल्यावर दुसरी गोळी अजून हवी का, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करायचं नाही. आणि खिसा फुगलाच तर सुईने रक्त ओढून काढायला कोणालाही परवानगी देऊ नका. त्या सुईने जंतू आत जातात, आणि गोठलेलं रक्त सुईतून धड बाहेरही येत नाही. दाबपट्टी, थोडे दिवस वाट, आणि कातडी ताणून दुखत असेल तरच ऑपरेशन थिएटरमध्ये नीट उघडून साफ करणं, एवढंच योग्य.

तार जागेवरून सुटणं हे सुरुवातीच्या दिवसांतलं दुखणं. स्क्रू असला तरी स्नायूत ती घट्ट रुजायला चार-सहा आठवडे लागतात. तेवढा काळ त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, झटका देऊन ओढायचं नाही. पण हात गळ्यात बांधूनही ठेवायचा नाही. भीतीपोटी महिनाभर हात न हलवणारी माणसं शेवटी गोठलेला खांदा घेऊन येतात, आणि तो आयसीडीच्या जखमेपेक्षा जास्त दिवस छळतो. कोपर, मनगट, खांद्याच्या खालची सगळी हालचाल पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावी. तार सुटल्याचं यंत्राच्या आकड्यांत लगेच दिसतं. बसवताना हृदयाचा सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या वर आणि ठोका उमटवायला लागणारा विजेचा दाब एक व्होल्टच्या आत, हे साधारण समाधानकारक मानतात. सिग्नल अचानक निम्म्यावर आला किंवा दाब तिप्पट झाला, की एक्स-रे काढून आधीच्याशी ताडून पाहायचा. काही जण डबी नकळत कातडीखाली फिरवत बसतात, आणि तार सुताच्या गुंडीसारखी गुंडाळली जाऊन हृदयातून ओढली जाते. सैल कातडीच्या वयस्क माणसांत हे होतं. डबी आतल्या स्नायूला टाक्याने बांधली असेल तर टळतं.

जंतुसंसर्ग साधारण शंभरात एक-दोघांना होतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, स्टेरॉइड, अंगात ताप असताना केलेलं ऑपरेशन, साचलेलं रक्त आणि पुन्हा उघडलेला खिसा, यांनी तो वाढतो. रोखण्याच्या गोष्टी साध्या आहेत पण काटेकोर लागतात: छेदापूर्वी तासाभराच्या आत शिरेतून सेफॅझोलिन, केस वस्तऱ्याने न काढता मशीनने कापणं, क्लोरहेक्सिडिन आणि अल्कोहोलने कातडी पुसून ती पूर्ण वाळू देणं. घरी आल्यावर आठवडाभर प्रतिजैविकांच्या गोळ्या देण्याची सवय अजून दिसते, तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. डबीभोवती घालायची प्रतिजैविकाची जाळीदार पिशवी मिळते. २०१९ च्या रॅप-इट अभ्यासात, मुख्यतः डबी बदलणाऱ्या आणि जास्त तारांच्या रुग्णांत, वर्षभरातला गंभीर संसर्ग तिने १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आणला. पहिल्यांदाच एक तार बसवणाऱ्या, बाकी धडधाकट माणसाला तिची गरज सहसा नसते.

दुसऱ्या आठवड्यात जखम कशी दिसायला हवी ते नीट बघा. कडेला पिवळट-निळसर डाग चालेल, हलकी सूज चालेल, टाक्यांची ओळ कोरडी हवी. पाणी झिरपणं, लाली दिवसागणिक पसरणं, स्पर्शाला गरम लागणं, किंवा महिन्यांनी-वर्षांनी डबीच्या कडेवरची कातडी पातळ, चकचकीत, जांभळट होऊन खाली चिकटल्यासारखी वाटणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी ज्यांनी यंत्र बसवलं त्यांना दाखवा. ताप असण्याची वाट पाहू नका. खिशाच्या संसर्गात ताप नसतोही. इथे सर्वात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे जवळच्या दवाखान्यात जाऊन पाच दिवस गोळ्या घेणं. लाली ओसरते, सगळे निश्चिंत होतात, आणि जंतू तारेवर चिकट थर करून मागे हृदयापर्यंत सरकत जातात. गोळी द्यायच्या आधी दोन-तीन वेळा रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, गेलं पाहिजे. एक वेळ गोळी गेली की कल्चर कोरडं येतं आणि निदान लांबतं.

खिशात संसर्ग झाला हे नक्की ठरलं, डबीचा कोपरा कातडीतून डोकावला, किंवा तारेवर जंतूंची गाठ दिसली, तर डबी आणि तारा सगळंच काढावं लागतं. अर्धवट उपाय टिकत नाहीत, कारण त्या चिकट थरात औषध पोचत नाही. नुसती डबी धुऊन परत ठेवणं, कातडी पुन्हा शिवणं, नवी डबी जुन्या तारांना जोडणं, ही सगळी वेळकाढू कामं आहेत. काढल्यावर रक्ताची कल्चर निदान ७२ तास कोरडी राहिली की नवीन यंत्र दुसऱ्या बाजूला बसवतात. झडपेवर जंतू बसले असतील तर साधारण दोन आठवडे थांबतात. मधल्या काळात धोका मोठा असेल तर अंगावर घालायचं डिफिब्रिलेटर जॅकेट वापरता येतं.

तार काढणं हे बसवण्याच्या उलट काम नाही. वर्षभरात ती शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला तंतूंनी चिकटते, दहा वर्षांत तिथे चुना साचतो. मग लेझर किंवा फिरत्या पात्याची नळी तारेवरून सरकवत चिकटलेला भाग सोडवत जावं लागतं. वरच्या महाशिरेला चीर गेली तर मिनिटांत छाती उघडावी लागते. अनुभवी केंद्रांत मोठी गुंतागुंत शंभरात एक-दोघांना होते, नवख्या हातांत कितीतरी जास्त. म्हणून ज्या ठिकाणी हे काम नेहमी होतं आणि हृदयशस्त्रक्रियेचा चमू त्याच इमारतीत तयार असतो, तिथेच ते करून घ्यावं. त्यासाठी दूर जावं लागलं तरी चालेल.

आता तारेकडे. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं, आणि दर वेळी ही तार वाकते. वर पहिली बरगडी आणि कॉलरबोन यांच्या फटीतून ती गेली असेल, तर हात हलला की कात्रीच्या दोन पात्यांत सापडल्यासारखी दाबली जाते. वर सेफॅलिक आणि काखेजवळच्या शिरेचा उल्लेख केला तो याचसाठी: तिथून गेलेली तार या फटीत येत नाही. वर्षानुवर्षं दाबून आधी तिचं आवरण झिजतं, मग आतली बारीक वायर तुटते. कधी दोष मूळ बनावटीतच असतो. मेडट्रॉनिकच्या स्प्रिंट फिडेलिस लीड तुटण्याचं प्रमाण जास्त दिसल्याने २००७ साली त्यांची विक्री थांबवण्यात आली. सेंट ज्यूडच्या रियाटा लीडमध्ये आतल्या वायरी आवरण कापून बाहेर येत. त्यांच्याबद्दल २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सर्वात गंभीर वर्गातला इशारा दिला. तेव्हापासूनची लीड बरी आहे, तरी दहा वर्षांत काही टक्के बिघडतातच. पातळ तार शिरेतून घालायला सोपी, पण पातळपणाची किंमत मोजावी लागते हे फिडेलिसने शिकवलं.

तार तुटताना आत काय घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. तुटलेली टोकं एकमेकांना घासली की खरखर होते, जुन्या रेडिओसारखी. यंत्राला ती ठोक्यांसारखी दिसते. नोंदीत दोन ठोक्यांमधलं अंतर १३०, १२५, १३५ मिलिसेकंद असं उमटतं, म्हणजे मिनिटाला साडेचारशेच्या वर ठोके. माणसाचं हृदय असं चालूच शकत नाही. तपासणाऱ्याला हे एका नजरेत कळतं, यंत्राला नेहमी कळत नाही. ते याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालचा कप्पा नुसता थरथरत राहण्याची जीवघेणी लय) समजतं, आठ-दहा सेकंद कपॅसिटर भरतं आणि पूर्ण शुद्धीत असलेल्या, भाजी चिरत बसलेल्या माणसाला शॉक देतं. खरखर थांबलेली नसते, म्हणून पुन्हा भरतं, पुन्हा देतं. एका प्रसंगात सहा-आठ शॉक लागोपाठ देऊन मग ते थांबतं. हात एका विशिष्ट बाजूला नेला की शॉक बसतो अशी तक्रार असेल तर तार तुटली असं धरूनच चालायचं. डबीच्या डोक्यात तार अडकवायचा स्क्रू सैल राहिला तरी हुबेहूब असंच होतं. ते सहसा पहिल्या काही आठवड्यांत, आणि दुरुस्ती सोपी असते.

यावर उपाय दोन. एक, रिमोट मॉनिटर: पलंगाशेजारी ठेवायची पेटी किंवा मोबाइलचं ॲप, जे रात्री यंत्राची माहिती क्लिनिकला पाठवतं. तारेचा रोध अचानक चढला किंवा अशक्य अंतरं दिसू लागली, की पहिला शॉक बसण्याआधीच निरोप पोचतो. आयसीडी घेतला आणि ही पेटी कपाटात ठेवली, तर अर्धी सुरक्षा वाया गेली. दोन, यंत्राचा इशारा: काही डबी विशिष्ट वेळी पिपाणीसारखा आवाज करतात, काही थरथरतात. हा आवाज कसा असतो ते बसवल्यावर एकदा ऐकवून घ्या, नाहीतर घरचे फ्रिज तपासत बसतात.

चुकीच्या शॉकचं सर्वात मोठं कारण तार नाही, वरच्या कप्प्यातली बिघडलेली लय आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये खालचा कप्पा १८० च्या वेगाने धावला, की यंत्राला ते जीवघेणं वाटतं. मॅडिट-२ मध्ये आयसीडी बसवलेल्या ११.५ टक्क्यांना एक तरी चुकीचा शॉक बसला. पण ते जुन्या प्रोग्रामिंगचे दिवस होते. २०१२ च्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात नुसते आकडे बदलून बघितले: यंत्राने २०० च्या वरच्या वेगालाच हात घालायचा, किंवा कमी वेगाला बराच वेळ वाट बघायची. पहिल्या चुकीच्या उपचाराचं प्रमाण २० टक्क्यांवरून चार-पाच टक्क्यांवर आलं आणि मृत्यूही कमी झाले. कारण अनेक वेगवान झटके काही सेकंदांत आपोआप थांबतात. उतावळं यंत्र त्यांनाही शॉक देत होतं.

म्हणून वडिलांच्या बाबतीत हे सरळ विचारा: ओळखीची मर्यादा, म्हणजे मिनिटाला किती ठोक्यांच्या वर यंत्राने लय जीवघेणी समजायची तो आकडा, किती ठेवली आहे? बेशुद्धीचा इतिहास नसलेल्या माणसाला ती १८५ ते २०० च्या दरम्यान, आणि शॉकपूर्वी निदान सहा ते बारा सेकंद किंवा ४० पैकी ३० ठोके वाट बघायची, असं साधारण असावं. शॉकआधी एटीपी, म्हणजे हृदयाला वेगाने आठेक ठोके देऊन लय मोडण्याच्या बिनदुखऱ्या प्रयत्नाचा पर्याय, चालू असावा. पेसिंगचा खालचा वेग ४० ठेवावा, म्हणजे यंत्र उगाच ठोके देणार नाही. उजव्या बाजूने सतत ठोके देत राहिल्याने अशक्त हृदय आणखी अशक्त होतं, हे २००२ च्या डेव्हिड अभ्यासाने दाखवलं. कारखान्यातून आलेली सेटिंग जशीच्या तशी ठेवणं हा आळस आहे, आणि तो रुग्णाच्या अंगावर निघतो.

याच कारणासाठी माझं मत असं, की नाडी मंद नसेल तर वरच्या कप्प्यातली दुसरी तार घेऊ नये. ‘वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या लयीतला भेद जास्त चांगला ओळखेल’ असं सांगून ती विकली जाते. नीट प्रोग्रामिंग केलं तर तो फायदा फारसा उरत नाही, आणि बिघडायला एक तार वाढते. ईसीजीमध्ये हृदयात वीज नेणाऱ्या डाव्या शाखेचा ब्लॉक आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डाव्या कप्प्याला ठोका देणारी जादा तार पंपिंगच सुधारते, आणि ते ओझं परवडतं.

शिरेत तारच नको असेल तर कातडीखालचा आयसीडी आहे. डबी डाव्या काखेखाली, तार छातीच्या मधल्या हाडालगत, हृदयाला आणि शिरांना स्पर्श नाही. तार तुटली किंवा संसर्ग झाला तर काढणं तुलनेने सोपं. त्याच्या बदल्यात डबी १३० ग्रॅमच्या आसपासची, शॉक ८० जूलचा, एटीपी नाही आणि मंद नाडीला कायमचा आधार नाही. छातीच्या स्नायूंची हालचाल किंवा ईसीजीतली टी-लाट ठोका समजून चुकीचे शॉक बसू शकतात, म्हणून आधी झोपून आणि बसून-उभं राहून ईसीजीची चाळणी करतात. २०२० च्या प्रिटोरियन अभ्यासात दोन्ही प्रकार एकूण गुंतागुंतीत तोडीस तोड ठरले. तरुण, डायलिसिसवरचे आणि आधी संसर्ग झालेले रुग्ण यांना हा जास्त शोभतो. ६१ व्या वर्षी जुन्या हार्ट अटॅकच्या व्रणामुळे व्हीटी (खालच्या कप्प्यातून उठणारी धोक्याची वेगवान लय) होण्याची शक्यता असलेल्या माणसाला एटीपीची सोय गमावणं बहुधा महाग पडेल.

शॉक बसला तर घरी काय करायचं, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा. एकच शॉक बसला आणि नंतर माणूस ठीक वाटतोय, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून यंत्राची नोंद पाठवायची. शॉकबरोबर छातीत दुखणं, दम, बेशुद्धी असेल, किंवा २४ तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले, तर रुग्णवाहिका. २४ तासांत तीन किंवा अधिक वेगवेगळे झटके आले तर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात; तिथे यंत्राची नव्हे, शिरेतून औषधांची, गुंगीची आणि कधी कॅथेटरने व्रण जाळण्याची गरज असते. शॉक बसताना कोणी हात धरला असेल तर त्याला फार तर झिणझिणी जाणवेल, इजा होत नाही. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल तर यंत्राच्या भरवशावर थांबायचं नाही, छाती दाबायला सुरुवात करायची. एईडीचा (बाहेरून शॉक देणाऱ्या यंत्राचा) पॅड डबीपासून निदान आठ सेंटिमीटर लांब लावायचा.

यंत्र गरजेला शॉक देत नाही असंही घडतं. व्हीटीचा वेग ओळखीच्या मर्यादेच्या खाली राहतो, म्हणून ते बघत बसतं. ॲमिओडॅरोन हे लय आवरणारं औषध सुरू केल्यावर हे खास होतं, कारण ते औषध व्हीटीला मंद करतं आणि शॉकला लागणारी ऊर्जाही वाढवतं. ॲमिओडॅरोन नवं लिहून दिलं की आयसीडीची सेटिंग तपासून घ्या. दुसरं कारण चुंबक. डबीवर चुंबक ठेवला की शॉक देणं तेवढ्यापुरतं बंद होतं. ऑपरेशनमध्ये आम्ही हे मुद्दाम करतो, तार तुटून शॉकवर शॉक बसत असतील तेव्हाही करतो. पण पाठीमागे चुंबक असलेला मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवला तर हेच नकळत होऊ शकतं. मोबाइल डबीपासून १५ सेंटिमीटर लांब, विरुद्ध कानाला. दुकानातल्या चोरी रोखणाऱ्या दरवाजातून चालत निघून जायचं, टेकून उभं राहायचं नाही. इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटिमीटर. मायक्रोवेव्ह आणि टीव्हीची भीती निराधार आहे. दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेत विजेने रक्तवाहिन्या जाळणार असतील तर सर्जनला आधी सांगायचं. एमआरआयसाठी डबी आणि तार दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या, आणि एकमेकींशी जुळणाऱ्या हव्यात. नुसती डबी चालणारी असून भागत नाही.

बॅटरी साधारण सात ते बारा वर्षं टिकते. संपत आल्याची खूण दिली की सहसा तीन महिने हातात असतात, घाई नसते. डबी बदलणं ‘छोटं काम’ म्हणून सांगतात, आणि मला ते पटत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिप्लेस नोंदणीत नुसती डबी बदलतानाही सहा महिन्यांत ४ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली, सोबत तार वाढवली तेव्हा १५ टक्क्यांहून जास्त जणांना. जुन्या खिशात रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून संसर्ग पहिल्या वेळेपेक्षा सहज होतो. त्या वेळी प्रश्न पुन्हा नव्याने विचारायचा: इतक्या वर्षांत यंत्राने एकदाही काम केलं का, पंपिंग सुधारलं का, माणूस आता कोणत्या अवस्थेत आहे. उत्तर ‘बदलू नये’ असंही असू शकतं.

एकाहून जास्त शॉक सोसलेली माणसं जिना चढायला, एकटं राहायला, झोपायलाही घाबरतात. हा मनाचा कमकुवतपणा नाही, उपचार लागणारी गोष्ट आहे, आणि समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने ती बरी होते. असाच टाळला जाणारा दुसरा विषय शेवटच्या दिवसांचा. कर्करोगाने किंवा थकलेल्या हृदयाने माणूस जात असताना यंत्र शॉक देत राहू शकतं. प्रोग्रामरने, म्हणजे सेटिंग बदलायच्या क्लिनिकमधल्या यंत्राने, शॉकचा भाग दोन मिनिटांत बंद करता येतो, वेदना होत नाही, आणि तो बंद केल्याने मृत्यू ओढवत नाही. पेसिंग चालूच राहतं. हे वडिलांशी आत्ताच, तब्येत बरी असताना बोलून ठेवावं. दहनापूर्वी डबी काढावीच लागते, नाहीतर उष्णतेने बॅटरी फुटते.

डिस्चार्जच्या वेळी मिळणारं कार्ड वडिलांच्या पाकिटात राहू द्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर डबीचं आणि तारेचं मॉडेल व अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, कोणत्या शिरेतून तार घातली, ओळखीची मर्यादा आणि एमआरआय चालतो की नाही, हे सगळं लिहून घ्या. छापील कार्डावर शेवटच्या तीन गोष्टी बहुधा नसतात, त्या पेनने लिहून मागाव्या लागतात.